कोणती पिशवी

चष्म्याच्या दुकानातली आतली खोली अंधारी असते, ती दिवे नसतात म्हणून नव्हे. दिवे मुद्दाम मालवलेले असतात. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा उजळ तक्ता, खुर्चीत गिऱ्हाईक, त्याच्या नाकावर खाचांची जड, गोल चौकट, आणि त्या खाचांत एकेक भिंग सरकवत विचारणारा एक शांत आवाज: "हे बरं, की हे बरं?" हा आवाज जिचा, तिला दुकानात, गल्लीत आणि पुढेपुढे स्वतःच्या घरातही सगळे नंबरताई म्हणत. दृष्टिमापनाचे रीतसर शिक्षण घेऊन ती या कामात आली होती, आणि त्या शिक्षणातून तिने दोन गोष्टी कायमच्या उचलल्या होत्या. एका वेळी एकच भिंग बदलावे, आणि माणसाला "दिसतंय का?" असे कधी विचारू नये, कारण भिडस्त माणूस "दिसतंय" म्हणून मोकळा होतो. त्याच्यापुढे दोन भिंगे ठेवावीत, म्हणजे त्याला निवड करावी लागते आणि खरे काय ते बाहेर येते.

गेली काही वर्षे मात्र दर महिन्याला असे दिवस येत, की अंधाराची गरज गिऱ्हाइकापेक्षा तिलाच अधिक असे. ओटीपोटात कोणी ओली चादर पिळत असावे, आणि शेवटचा थेंब गळेपर्यंत पिळणाऱ्याला हात आवरायचा नसावा, अशी ती कळ होती. ती कमरेतून मांड्यांत उतरे. रक्तस्राव असा, की खुर्चीवरून उठले की मागे वळून पाहायची सवयच जडली होती. गिऱ्हाईक डोळे बारीक करून तक्त्यावरची शेवटची ओळ लावत असताना नंबरताई त्याच्या मागे खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी असे. आवाज तेवढा शांत ठेवला की भागत असे.

मग ती चूक झाली. एका निवृत्त शिक्षिकेच्या भिंगाचा अक्ष आडवा हवा होता, तो तिने उभा लिहिला. नव्या चष्म्याने बाई घरभर चाचपडत हिंडल्या आणि एके सकाळी जिना उतरताना पडता पडता वाचल्या. दुकानात येऊन त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या एवढेच म्हणाल्या, "पायऱ्या तिरक्या दिसतात हो. मला वाटलं, माझंच वय झालं."

दुकानमालक सज्जन होता. त्याने भिंगे बदलून दिली, बाईंना चहा पाजला, आणि त्या गेल्यावर नंबरताईकडे न पाहता म्हणाला, "ताई, रजा हवी तेवढी घ्या. पण जे काय असेल ते एकदाचं मार्गी लावा. डोळ्यांचा मामला आहे."

दुखणे स्वतःच्या पोटात होते तोवर ती निभावून नेत होती. ते दुसऱ्याच्या जिन्यावर जाऊन बसले, तेव्हा तिने डॉक्टर गाठले.

डॉक्टर नावाजलेले होते आणि घाईत होते. या दोन गोष्टी बहुधा जोडीनेच येतात. सोनोग्राफीचा कागद त्यांनी वरपासून खालपर्यंत एकदाच पाहिला.

"पिशवीला सूज आहे. मुलं?"

"एक मुलगी. बाहेरगावी शिकते."

"मग पिशवीचं काम झालं. काढून टाकू. कटकट मिटेल."

"दुसरं काही करता येईल का?"

"येतं की. गोळ्या आहेत, काय काय आहे. पण वर्षभर हिंडाल आणि शेवटी इथेच याल. शिवाय ठेवून करायचंय काय? उद्या त्यात काही वाईट निघालं तर?"

'वाईट' म्हणजे काय, याचा खुलासा त्यांनी केला नाही. तो शब्द खुलाशाविनाच अधिक चांगले काम करतो. पुढच्या महिनाअखेरची तारीख ठरली. बाहेर पडताना नंबरताईच्या ध्यानात आले, की आपल्यापुढे एकच भिंग धरले गेले आणि आपण "दिसतंय" म्हणून मोकळ्या झालो. पण कळ पुन्हा वर येत होती आणि अशा वेळी माणूस तत्त्वांपेक्षा बसायला बाक शोधतो.

घरी ही बातमी ऐकून सासूबाईंना हायसे वाटले.

"मी दोन वर्षं कंठशोष करतेय," त्या म्हणाल्या. "आमच्या वन्संना बघ. आधी काय वाकून जायच्या दुखण्यानं, दोन घास खायची चोरी. पिशवी काढली आणि बघ, आज सत्तरी उलटली तरी घोड्यासारख्या पळतात. नंतर कधी तक्रार म्हणून नाही."

वन्सं म्हणजे सासूबाईंची थोरली नणंद, नंबरताईच्या नवऱ्याची आत्या. आत्याबाईंचा हा दाखला या घरात दगडावरच्या रेघेसारखा होता. सासूबाईंनी ऐन पस्तिशीत स्वतःची पिशवी काढून घेतली ती याच दाखल्यावर. पुढे एका चुलत जावेनेही त्याच्याच बळावर होकार दिला. एका उदाहरणावरून नियम काढू नये हे नंबरताईला पक्के ठाऊक होते. पण जे उदाहरण दिवाळसणासारखे घरी येऊन राहते, हसते, जिने चढते, त्याच्यासमोर हा नियम जरा फिका पडतो.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याला प्रश्न सोपा वाटला. "भाग निकामी झाला की बदलायचा."

"बदलायचा ना? इथे नुसता काढायचाय. दोरी झिजली म्हणून तू लिफ्टच काढून टाकतोस का?"

"लिफ्टला दुखत नाही गं," तो म्हणाला. "तुला दुखतं. मला ते बघवत नाही."

चेष्टेने सुरू झालेले बोलणे असे एकाएकी खरे झाले, की तो उठून उगाचच नळ घट्ट बंद करून येई. तसा तो आताही गेला.

विरुद्ध पक्ष नणंदेचा होता. तिला सुरीचे नाव काढलेले चालत नसे. एका निसर्गोपचारवाल्याच्या गडद रंगाच्या बाटल्या आणि पोटाला बांधायचा चुंबकाचा पट्टा घेऊन ती हजर झाली. अशा रीतीने घरातला एक पक्ष म्हणे, काढा. दुसरा पक्ष म्हणे, काढा घे. मराठी भाषेने दोन्ही पक्षांची सोय एकाच शब्दात करून ठेवली होती.

"यात काय आहे, ताई?" नंबरताईने बाटली दिव्यासमोर धरली.

"वनस्पती."

"कोणत्या?"

"ते ते सांगत नाहीत. त्यांच्या आजोबांपासूनचं आहे."

"आणि गुण किती जणींना येतो?"

"सगळ्यांना. एकीलाही आला नाही असं झालेलं नाही."

"मग हे औषध नाही, ताई. औषधाला कधीतरी अपयश येतं."

"तुझं हे असं," नणंद म्हणाली. "देव भेटला तर त्यालाही तक्ता वाचायला लावशील."

नंबरताईने बाटली परत दिली नाही. हे सांगायला हवे, कारण ज्याला दुखत नाही त्याने दुखणाऱ्याच्या बुद्धीची परीक्षा घेऊ नये. महिनाभर ती तो काढा स्वयंपाकघरात पाठ फिरवून प्यायली. पट्टाही बांधला. काढ्याने पोटात जळजळ झाली. पट्ट्याने काहीच झाले नाही, म्हणजे दोघांत पट्टा उजवा ठरला. कळ होती तशीच आली, ठरल्या दिवशी.

आता शस्त्रक्रियेला आठवडा उरला होता. घर सांभाळायला आत्याबाई स्वतः येऊन दाखल झाल्या. ठेंगण्या, काटक, मोठ्या आवाजाच्या. आल्या त्या दिवशी त्यांनी कपाटे पुसली, भाचेसुनेच्या गालावर हात फिरवला आणि "किती पांढरी पडलीस गं" म्हणून तिला खुर्चीत बसवले. सासूबाई शेजारी भाजी निवडत होत्या. नवरा कामावरून नुकताच येऊन बूट काढत होता.

"घाबरू नको," आत्याबाई म्हणाल्या. "मी सांगते तेवढं ऐकलंस तर पंधरवड्यात उभी राहशील. जड उचलायचं नाही. आणि मुख्य म्हणजे तेलकट, तुपकट बंद. वर्षभर तरी. पिशवी नसली की ते पचत नाही."

नंबरताईने मान डोलावली. मग डोलावता डोलावता ती थांबली. शरीरशास्त्र तिने मुख्यतः डोळ्यांचे शिकले होते. पण गर्भाशयाचा आणि तेलाच्या पचनाचा संबंध नसतो, हे कळायला डोळ्यांखालच्या शरीराचे फार ज्ञान लागत नाही.

"आत्याबाई, एक विचारू? तुमचं आधी दुखायचं ते पाळीत की एरवीही?"

"पाळीचा काय संबंध? जेवलं की दुखायचं. हे इथे." त्यांनी उजव्या बरगडीखाली हात ठेवला. "असं कळ मारत पाठीत जायचं."

"आणि ऑपरेशननंतर पाळी लगेच थांबली?"

"छे गं. ती पुढे पन्नाशीपर्यंत छळत होती. चांगली वेळच्या वेळी."

सासूबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. नवऱ्याचा एक बूट पायात, एक हातात.

"वन्सं," सासूबाई हळूच म्हणाल्या, "तुमची पिशवी काढली ना?"

"काढली की."

"मग... कोणती?"

"कोणती म्हणजे? पित्ताची. खडे झाले होते, वाटाण्याएवढे. डॉक्टरांनी बाटलीत घालून दिले होते दाखवायला." आत्याबाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. "तुम्हाला काय वाटलं?"

नंबरताईला शिकवले होते, की एका उदाहरणावर विसंबू नये. ते एकुलते एक उदाहरण दुसऱ्याच अवयवाचे असेल, ही शक्यता मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हती.

"ह्यांनी येऊन सांगितलं होतं," सासूबाई म्हणाल्या. त्या कोणाशी बोलत होत्या ते कळत नव्हते. "ताईची पिशवी काढली, आता बरी आहे, एवढंच. बायकांचं काही असेल म्हणून ह्यांनी पुढे सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मग तुम्ही भेटलात तेव्हा मी विचारलं, पिशवी काढून बरं वाटतं का."

"आणि मी म्हटलं, एकदम मोकळं वाटतं. खोटं काय होतं त्यात?"

"पण आत्या, पोटात पिशव्या आहेत तरी किती?" नवरा म्हणाला.

"पित्ताची, लघवीची आणि गर्भाची," नंबरताई म्हणाली. "निदान आपण ज्यांना पिशवी म्हणतो त्या."

"नशीब, लघवीची नव्हती. नाहीतर घरातल्या सगळ्या बायकांनी..." आईकडे लक्ष जाताच त्याने वाक्य गिळले.

आत्याबाई आधी हसल्या. हसू अर्ध्यावर आले आणि त्यांना भावजयीचे ऑपरेशन आठवले. चेहरा उतरला. "वहिनी," त्या म्हणाल्या, "तुम्ही माझं बघून नाही ना..."

सासूबाईंनी जुडी ताटात ठेवली, हात पुसले आणि वाळलेले कपडे काढायला म्हणून त्या गॅलरीत निघून गेल्या. कपडे त्यांनी दुपारीच काढून ठेवले होते.

नंबरताई थोड्या वेळाने मागोमाग गेली. सासूबाई रिकाम्या दोरीवरचे चिमटे एकेक करून काढत होत्या. खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचे शटर ओढत होते.

"दुखणं माझं गेलं," सासूबाई म्हणाल्या. "ते मी खोटं सांगत नव्हते तुला. पण मग दुसरंच सुरू झालं. अंगातून वाफा निघायच्या. थंडीत पंख्याखाली बसायचे. झोप उडाली. हाडं ठणकायची. पस्तिशीची बाई मी, आणि आरशात म्हातारी दिसायची. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, ताईला असं काही झालं नाही. ते खरंच होतं. वन्संना काही होत नव्हतं. मग मला वाटायचं, आपलंच काहीतरी नाटक आहे. आपणच नाजूक."

"मला कधी बोलला नाहीत, आई."

"काय बोलायचं? वन्सं जिने चढत होत्या."

नंबरताईने दोरीवरचा एक चिमटा काढला. इतकी वर्षे या बाईने स्वतःची तुलना अशा एका बाईशी केली, जिच्याशी तिची तुलना होऊच शकत नव्हती, आणि दरवेळी हार स्वतःकडे घेतली. चुकीच्या तक्त्यासमोर बसवलेल्या माणसाला त्याची दृष्टी अधू आहे असे सांगत राहावे, तसे ते होते.

"म्हणजे माझी उगाचच काढली?" सासूबाईंनी विचारले.

"उगाच असं नाही म्हणता येणार. तुमचं दुखणं खरं होतं आणि ते थांबलं. दुसऱ्या कशानं थांबलं असतं का, ते आता कळायला मार्ग नाही."

"गोड बोलायला तुझं काय जातं गं?"

"खोटं बोलले तर तुम्हाला कळेल."

सासूबाईंनी नाक ओढले. मग चिमट्यांची बादली तिच्या हातात दिली. "तारीख पुढे ढकल. दुसऱ्या कोणाला तरी दाखवू. मी येते बरोबर."

"पण तुम्हीच तर म्हणत होतात..."

"मी म्हणत होते ते वन्संच्या जिवावर. तू काढलीस आणि बरी झालीस, की माझंही बरोबर होतं असं झालं असतं. तेवढ्यासाठी तुला कापायचं का?"

हे त्यांनी अगदी सरळपणे सांगितले. नंबरताईने बादली दुसऱ्या हातात घेतली.

दुसऱ्या डॉक्टर बाई होत्या. त्यांची खोली लहान होती आणि बाहेर गर्दी पहिल्या डॉक्टरांइतकीच. मात्र आत गेल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले. दुखणे कधी सुरू झाले, कुठून कुठे जाते, कोणत्या दिवशी उभे राहवत नाही, कामावर काय परिणाम होतो, हे सगळे विचारले. अक्षाची चूकही नंबरताईने सांगितली. घरी ती फक्त नवऱ्याला माहीत होती. सासूबाईंनी चमकून तिच्याकडे पाहिले.

"पिशवी म्हणायला माझी हरकत नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या, "पण पिशवी म्हटलं की रिकामी झाली तर टाकून द्यावी असं वाटतं. हा जाड स्नायू आहे. आत अस्तर असतं. तुमचं अस्तर त्या स्नायूच्या भिंतीत शिरलंय. दर महिन्याला अस्तरात जे होतं, ते भिंतीतही होतं, पण तिथून बाहेर पडायला वाट नाही. म्हणून ती सुजते, म्हणून पिळवटते."

"मग आधीचे डॉक्टर चुकले का?" सासूबाईंनी विचारले.

"नाही. काढली तर हे दुखणं जातं, तो उपाय खात्रीचा आहे. पण एकदा काढली की परत बसवता येत नाही. म्हणून मी तो शेवटी ठेवते. त्याच्या आधी गोळ्या आहेत. गर्भाशयात बसवायचं एक छोटं साधन आहे. ते तिथल्या तिथे थोडं थोडं संप्रेरक सोडतं आणि अस्तर पातळ ठेवतं. रक्तवाहिनी बंद करून सूज उतरवण्याचाही उपाय आहे. तुमच्या बाबतीत मी साधनापासून सुरुवात करीन. पण आधी रक्त वाढवू, तुम्ही अगदी फिक्या पडलाय. आणि अस्तराचा नमुना तपासून घेऊ."

"'वाईट' निघेल म्हणून?" नंबरताईने विचारले.

"निघणार नाही असं वाटतं. या दुखण्याचा सहसा कॅन्सर होत नाही. पण वाटण्यावर सोडायचं कशाला?"

"साधनाचा उपयोग किती जणींना होतो?"

"बऱ्याच जणींना. सगळ्यांना नाही. काहींचं ते आपोआप बाहेर पडतं. पहिले काही महिने थोडं थोडं रक्त जात राहतं, त्यालाच बऱ्याच जणी वैतागतात. सहा महिने द्यावे लागतील. तेवढं करून नाहीच जमलं, तर पुढचं बघू, ऑपरेशनसुद्धा."

'सगळ्यांना नाही' हे शब्द ऐकून नंबरताईचे खांदे कितीतरी दिवसांनी सैल झाले. अपयश कबूल करणारे औषध समोर आले होते.

उठता उठता सासूबाई पुन्हा बसल्या. पदराचे टोक बोटाला गुंडाळत त्यांनी स्वतःचे विचारले: वाफांचे, झोपेचे, हाडांचे. डॉक्टर बाईंनी ऐकून घेतले.

"अंडाशयंही काढली असतील तर असं होतं. अचानक आणि जोरात होतं. तुमच्या ऑपरेशनचे कागद आहेत?"

"कुठले आता. मला वाटलं, सगळं मिळून एकच असतं."

"मग नक्की सांगता येणार नाही. पण जे झालं ते नाटक नव्हतं, एवढं सांगू शकते. हाडांची तपासणी करून घ्या. त्यावर आजही करण्यासारखं पुष्कळ आहे."

नाटक हा शब्द सासूबाईंनी इथे उच्चारलेला नव्हता. अशा बायका डॉक्टर बाईंसमोर रोज बसत असाव्यात.

पहिल्या डॉक्टरांना नंबरताईने स्वतः फोन केला. ते रागावले नाहीत. "करा प्रयत्न," म्हणाले, "नाही जमलं तर या." नणंद मात्र रुसली. "म्हणजे काढाही नाही आणि काढणंही नाही. आत काहीतरी घालून घेणार, तेही परकं." आत्याबाई जाताना भावजयीच्या गळ्यात पडून रडल्या, आपल्या आयुष्यात आपण बऱ्या झालो याबद्दल माफी मागण्याची वेळ त्यांच्यावर प्रथमच आली होती. सासूबाईंनी त्यांची समजूत काढली. "तुम्ही कुठे सांगितलंत गर्भाची म्हणून? कोणती, हे विचारायची लाज आम्हाला."

नमुन्यात वाईट काही निघाले नाही. साधन बसले, आणि बसवताना चांगलेच दुखले; त्याविषयी डॉक्टर बाईंनी आधीच सांगितले होते. पुढचे महिने मात्र कोणत्याही बाटलीवर छापता येतील असे नव्हते. आज थोडे रक्त, उद्या नाही, परवा पुन्हा. तिसऱ्या महिन्यात कळ जुन्या जोराने उठली. नंबरताई भिंतीशी बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "काढून टाकायला सांगते. सगळंच." तो यावेळी नळाकडे गेला नाही. तिच्याशेजारी जमिनीवर बसला. सासूबाई गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या, आणि आपण काय आणले ते ध्यानात येऊन क्षणभर थबकल्या.

"चौथी," नंबरताई दातओठ खाऊन म्हणाली.

तिघेही हसले. हसल्याने कळ कमी होत नाही, याची तिने तिथल्या तिथे खात्री करून घेतली.

"सहा महिने म्हणाल्या होत्या ना त्या?" सासूबाई म्हणाल्या. "सहा देऊ. मग तुला काढायची असेल तर मीच तारीख घेईन. पण दुखतंय तेव्हा नको ठरवू. दुखत नसेल त्या दिवशी ठरव."

पुढच्या महिन्यात कळ आली ती उशिरा आणि ओसरली ती लवकर. त्याच्या पुढच्या महिन्यात ती आली हे नंबरताईला दुपारी कळले. एका वेळी एकच भिंग बदललेले होते, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचे याबद्दल शंका नव्हती. तरीही सवयीने तिने स्वतःला बजावले, की हे आपल्या एकटीचे उदाहरण आहे आणि त्यावरून घरातल्या दुसऱ्या कोणाला काही सांगायला जायचे नाही. फार तर इतके सांगावे, की आधी नीट विचार, आणि दोघांना विचार.

सहा महिन्यांनी दोघी तपासणीला गेल्या. सासूबाईंनी हाडांच्या तपासणीचा कागद आणला होता. हाडे ठिसूळ झाली होती आणि त्यावर औषध सुरू झाले. नंबरताईचे रक्त भरून आले होते.

"दुखणं पूर्ण गेलं का?" डॉक्टर बाईंनी विचारले.

"नाही. दोन दिवस असतं. पण उभं राहवतं."

"पुढे ते वाढलं, तर बाकीचे रस्ते मोकळे आहेत. ऑपरेशनसुद्धा."

"असू देत," नंबरताई म्हणाली. "मला ते नको असं कधीच नव्हतं. आधी बाकीचं बघायचं होतं."

दवाखान्यातून त्या बाहेर पडल्या तेव्हा ऊन कलले होते. रस्ता चढाचा होता. सासूबाई सावकाश चालत, आणि नंबरताई त्यांच्या बरोबरीने; पूर्वी अशा दिवशी दोघींतली भिंतीचा आधार घेणारी धाकटी असे. कोपऱ्यावर बसचा थांबा आला.

"आज दुसरा दिवस ना तुझा?" सासूबाईंनी विचारले. "दुखतंय?"

"थोडं."

"मग बसने जाऊ या."

नंबरताईने पोटावर हात ठेवून अंदाज घेतला. "नको, आई," ती म्हणाली. "चालेल."

आणि त्या चालत निघाल्या.